करुणाष्टक ट्रॉम्बोनवर

देवापुढे गाण्यासाठी रचलेली जुनी पदे एकट्या ट्रॉम्बोनवर वाजवावीत का, हा प्रश्न युरोपातल्या वादकांना परका नाही. अठराव्या शतकातल्या चर्चसंगीतातली गाणी उतरवून घेऊन ती या वाद्यावर वाजवण्याची तिकडे रीतच आहे. आपल्याकडे बँड आहेत, पदे आहेत, दोन्हींवर जीव टाकणारी माणसेही आहेत. तरी हा प्रश्न कुणी मन लावून विचारलेला दिसत नाही. तो जांब समर्थच्या निमित्ताने विचारावासा वाटतो. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव म्हणजे 1608 साली रामनवमीला जन्मलेल्या नारायण सूर्याजीपंत ठोसरांचे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांची करुणाष्टके आणि आरत्या सतराव्या शतकातल्या, पण त्यांचा गाता वारसा पुढच्या शतकात मठांनी आणि कीर्तनकारांनी चालवला. याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, अमृतराय (1698–1753) आपले कटाव रंगवत होते. हे सगळे कंठाचे संगीत. ते पितळेच्या नळीतून यावे की नाही, याच्या दोन बाजू मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. एक नारदीय कीर्तन करणारे बुवा, दुसरे लग्नसराईत बँड चालवणारे मास्तर. माझे मत मी लपवणार नाही. ते बरेचसे मास्तरांकडे झुकते, पण बुवांचा एक मुद्दा मला ओलांडता आलेला नाही.

बुवांचा पहिला आक्षेप सरळ आहे. “मास्तर, करुणाष्टकात सूर किती आणि शब्द किती, याचा हिशेब करा. चाल चार-पाच सुरांत फिरते. माणूस रडतो तो त्या चालीनं नाही, शब्दांनी. रामापुढे आपली चूक कबूल करणाऱ्या माणसाचं ते बोलणं आहे. तुम्ही बोलणं काढून घेतलंत तर मागे राहील ती एक साधीशी सुरावट, आणि ती साधी आहे म्हणून तुम्ही तिला नटवायला लागणार. समर्थांना हा धोका ठाऊक होता. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कीर्तनाची आणि हरिकथेची लक्षणं सांगणारे समास लागोपाठ आहेत, आणि कलावंताचं मन शेवटी कलेतच गुंतून पडतं, हा इशारा त्यांनी तिथंच दिलाय. गाणाऱ्यालाही तो लागू आहे, मान्य. पण गाणाऱ्याच्या तोंडात निदान रामाचं नाव तरी असतं. तुमच्या तोंडात तोंडी असते.”

हा आक्षेप हलका नाही, म्हणून मास्तरांचे उत्तरही कीर्तनातूनच यायला हवे. “बुवा, तुमच्या कीर्तनातलंच सांगतो. पूर्वरंगात पद म्हणता म्हणता तुम्ही थांबता, उपरणं सारखं करता, घोटभर पाणी घेता. तेवढ्या वेळात पेटीवाला तीच ओळ एकटा वाजवतो. त्या ओळीत शब्द नसतात. पण समोरच्या बायाबापड्यांचे ओठ हलत असतात. शब्द कुठं गेले? ते ऐकणाऱ्याकडे गेले. पहाटे देवळात चौघडा झडतो, सनई वाजते, तिलाही शब्द नसतात, आणि देव उठला नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. मग सनईला जे चालतं ते ट्रॉम्बोनला का चालू नये?” बुवा सनईचे उदाहरण लगेच बाजूला सारतात, आणि ते बरोबर आहे. चौघड्यातली सनई वेळेचा राग वाजवते, ती कुणा कवीचे पद सांगायला बसलेली नसते. पेटीवाल्याची ती एक ओळ मात्र त्यांना सहज झटकता येत नाही. पद वाद्यावर गेल्यावर शब्द मरतो की ऐकणाऱ्याच्या मनात बोलायला लागतो, हे पदावर अवलंबून नसून ते पद श्रोत्याच्या जिभेवर आधीपासून आहे की नाही यावर अवलंबून आहे. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

मास्तर आता घराबाहेरचे पुरावे आणतात. ट्रॉम्बोन मुळात वरातीचे वाद्य नव्हते. युरोपात तो शतकानुशतके चर्चच्या गायकांना जोडून वाजला, कारण पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीत तो नेमका बसतो आणि हळू वाजवला तर आवाजात मिसळून जातो. लाइपझिगमध्ये 1720 च्या दशकात बाखने ईस्टरच्या एका कॅन्टाटात तीन ट्रॉम्बोन गायकांच्या ओळींबरोबरच चालवले. मोझार्टच्या 1791 च्या रेक्विममध्ये कयामतीच्या कर्ण्याचा प्रसंग येतो, तिथे आधी एकटा ट्रॉम्बोन सुरावट घेतो आणि मग खर्जातला गायक ती उचलतो. “म्हणजे बघा बुवा,” मास्तर म्हणतात, “अठराव्या शतकातच हे वाद्य देवाच्या दारात गात होतं. आपल्याकडे ते पलटणीच्या बँडबरोबर आलं आणि तिथून वरातीत गेलं, हा आपल्या इतिहासाचा भाग झाला. वाद्याचा त्यात काय दोष?”

बुवा इथे अधिक बारकाईने बोलतात. “बाखच्या त्या रचनेत ट्रॉम्बोन एकटा नाही. गायक शब्द म्हणतात, ट्रॉम्बोन त्यांच्या मागे उभा राहतो. मोझार्टकडे तो एकटा वाजतो, पण क्षणभरच, आणि लगेच गायक येऊन त्याचा अर्थ सांगतो. हे माझ्याच बाजूचे पुरावे झाले. तुम्ही तर गायकाला घरी पाठवून एकटं वाजवायचं म्हणताय. आणि तुमचे विद्यार्थी गायकी शिकतात ती कशावर? बोर्दोन्यी नावाच्या गायनगुरूनं पॅरिसमध्ये लिहिलेल्या तानांवर, ज्या रोशूनं 1928 मध्ये ट्रॉम्बोनसाठी उतरवल्या. जगभरचे ट्रॉम्बोनवाले त्यांवर घासतात. त्या गळ्यासाठी लिहिलेल्या खऱ्या, पण त्यांत शब्द मुळातच नाहीत. त्यांतून वादक गळ्याचा गोडवा शिकेल. ‘राम’ म्हणताना ‘रा’वर किती वेळ थांबायचं, हे त्याला त्या तानांतून कळणार नाही.”

हा टोला मास्तरांना लागतो, आणि लागायलाच हवा. पण बेथोव्हनचे उदाहरण अजून त्यांच्या पोतडीत आहे. 1812 मध्ये लिंझ शहरात मृतांच्या स्मरणदिनासाठी त्याने चार ट्रॉम्बोनच्या छोट्या रचना लिहिल्या, शब्दांशिवाय. 1827 मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांतल्या दोन रचनांवर प्रार्थनेचे शब्द बसवून त्या गायल्या गेल्या. सुरांत शब्दांची जागा इतकी तयार होती की पंधरा वर्षांनी शब्द येऊन तिथे बसले. तरी खरा निर्णायक पुरावा युरोपात शोधायची गरज नाही, तो तंजावरच्या मराठी राज्यातच आहे. त्यागराज (1767–1847) जन्मले आणि वाढले ते भोसल्यांच्या तंजावर मुलखात, आणि त्यांच्या कृती बहुतांशी रामापुढचे आर्जव आहेत, करुणाष्टकांच्याच जातीच्या. त्या कृती व्हायोलिनवर, नागस्वरमवर वाजतात. आपल्या काळात कद्री गोपालनाथांनी (1949–2019) त्या सॅक्सोफोनवरही वाजवल्या, जे वाद्यही बँडमधूनच आलेले. दक्षिणेतला श्रोता त्या ऐकताना मनात शब्द म्हणतो, आणि तिकडच्या चांगल्या गुरूंचा शिरस्ता असा की वादकाने कृती आधी तोंडाने म्हणायला शिकायची. शब्द कुठे तुटतो, कुठे जोडतो, हे ठाऊक असल्याशिवाय गज फिरवायचा नाही, फुंक सोडायची नाही. परदेशी वाद्य, देवाचे पद आणि एकटा वादक हे तिन्ही एकत्र नांदू शकतात, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेले आहे. अट एकच, वादकाने शब्द गिळलेला असायला हवा.

बुवा यावर आपला सर्वांत खोल मुद्दा काढतात. “त्यागराजांच्या शिष्यांनी चाली जपल्या. युरोपात तर कागदावर सूर लिहिलेले असतात. आपल्याकडे काय आहे? धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्म घालवून रामदासी बाडं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. त्यांत शब्द आहेत, कुठं कुठं रागाचं नाव आहे. सूर नाहीत. मग तुम्ही उतरवून घेणार ते कशावरून?” मला न ओलांडता आलेला मुद्दा तो हाच. भातखंडे आणि पलुस्करांच्या स्वरलिपी यायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याआधीच्या पदांच्या चाली आहेत त्या माणसांच्या तोंडात. त्यामुळे मराठी पद ट्रॉम्बोनसाठी उतरवायचे म्हणजे एखाद्या पुस्तकातून उतरवायचे असे होऊच शकत नाही. ते कुणातरी एका म्हणणाऱ्याकडून उतरवावे लागते, त्याच्या थांब्यांसकट, त्याच्या उच्चारासकट. रेकॉर्डवरची सुगम संगीताची चाल उचलली तर ती विसाव्या शतकातल्या संगीतकाराची रचना झाली. ती वाजवायला हरकत नाही, पण तिला जुने पद म्हणू नये. म्हणजे ज्या कामातून बुवांना बाहेर पडायचे होते, त्यात त्यांचीच सर्वांत जास्त गरज आहे. मठात रोजच्या सायंउपासनेत करुणाष्टके म्हणणारा माणूस हीच इथली मूळ प्रत.

आता वाद्याकडे जवळून पाहू, कारण ट्रॉम्बोनविषयीचे गैरसमज बरेचसे त्याच्या रचनेविषयीच्या अज्ञानातून येतात. पेटीवर मींड निघत नाही, म्हणून तिच्यावर किती टीका झाली ते सर्वांना माहीत आहे. आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत तिला दारातच उभे केले होते. ट्रंपेटला पिस्टन असतात, त्यामुळे तोही पायऱ्या पायऱ्यांनीच चढतो-उतरतो. ट्रॉम्बोनला सरकती नळी आहे. ती बाहेर ढकलली की सूर खाली येतो, आणि तिच्या सात जागा अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतात. जागांच्या मधले सगळे सूरही तिच्यावर मिळतात, म्हणजे आंदोलित गांधार आणि किंचित उतरता धैवत तिथे वादकाच्या कानावर सोपवलेले असतात. नेहमीच्या ट्रॉम्बोनचा मूळ सूर काळी पाच. त्यालाच षड्ज धरला, तर पहिल्याच जागी ओठांच्या ताणाने मंद्र षड्ज, पंचम, वरचा षड्ज आणि त्यावरचा गांधार निघतात. वरच्या षड्जावरून नळी सलग ओढत नेली की निषाद, धैवत घेत सहाव्या जागी पंचम येतो, एक अखंड मींड. पंचमावरून तशीच ओढली की मध्यम, गांधार आणि सहाव्या जागी रिषभ. मग मात्र अडते. खालचा षड्ज मिळतो तो परत पहिल्या जागी, ओठ सैल सोडून. म्हणून रिषभावरून षड्जावर मींडेने येता येत नाही. तिथे नळी झटकन आत घ्यावी लागते आणि त्या क्षणी फुंक झाकावी लागते. चांगला वादक ती झाक ओळीच्या अशा जागी ठेवतो, जिथे शब्दही तुटतो. कच्चा वादक सगळी ओळ घसरवत नेतो आणि पद विदूषकाच्या तोंडी गेल्यासारखे होते. बुवांचा राग अशाच वादनावर आहे आणि तो रास्त आहे.

छंदाचेही असेच आहे. प्रसिद्ध करुणाष्टक मालिनी वृत्तात आहे. ओळीत पंधरा अक्षरे, आठव्या अक्षरावर यती. पहिली सहा अक्षरे लघू, मग गुरूंची रांग. मात्रा मोजल्या तर यतीआधी 10 आणि यतीनंतर 12. ट्रॉम्बोनला हवा फार लागते, तेव्हा वादकाने श्वास कुठे घ्यायचा हे वृत्तानेच ठरवून ठेवले आहे. सहा लघूंसाठी जिभेचे सहा हलके ठोके, आणि मग दोन गुरूंवर फुंक सैल सोडायची. घाईने बोलू पाहणारा आणि मग शब्दावर अडखळून थांबणारा पश्चात्तापी माणूस त्या मापातच दिसतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, प्रत्येक अक्षरगट लघू-गुरू-गुरू. ओळीच्या 20 मात्रा एका श्वासात निघतात, आणि नळीचे घसरणे गुरू अक्षराच्या पोटात ठेवले तर लघू स्वच्छ उभा राहतो. हे जमले की वाद्यातून शब्दाचा अर्थ निघत नसला तरी शब्दाचा सांगाडा निघतो, आणि ज्याला शब्द पाठ आहेत त्याला तेवढा पुरतो. मास्तर म्हणतात तसे, “बुवा, श्लोक पाठ असलेल्या पोरासमोर मी लघू-गुरू नीट वाजवले, तर तो कितव्या श्लोकाचं वृत्त वगैरे विचारत बसणार नाही, तो म्हणायलाच लागेल.”

“आणि अमृतरायांचा कटाव?” बुवा विचारतात. इथे मास्तर गप्प होतात, आणि माझ्या मते गप्प राहणेच योग्य आहे. कटाव म्हणजे अनुप्रासांचा आणि यमकांचा धबधबा. द्रुत लयीत आख्यानाचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करत जाणारा. त्यात सूर जवळजवळ निमित्तमात्र असतो, सगळी गंमत व्यंजनांच्या आघातात, एकाच अक्षराच्या पुनःपुन्हा येण्यात. तोंडीमागच्या जिभेला ‘त’ आणि ‘द’सारखे ठोके देता येतात, पण ‘घ’, ‘झ’, ‘ळ’ यांचा भेद तिथे उरत नाही. शिवाय कटाव आज कुणाला पाठ नाहीत, म्हणजे श्रोत्याच्या मनातूनही मदत यायची नाही. उरेल ती नुसती टरटर. त्यामुळे अठराव्या शतकातल्या मराठवाड्याची जी रचना मला सर्वांत जास्त प्रिय आहे, तीच ट्रॉम्बोनवर वाजवू नये असे मला म्हणावे लागते. मोरोपंतांच्या (1729–1794) आर्यांचेही थोडे तसेच, कारण त्यांतला श्लेष ऐकायला शब्दच कानावर पडावा लागतो. ज्यांना वाटते की एकदा वाद्याला मुभा दिली की काहीही वाजेल, त्यांना एवढे सांगता येईल की ही मुभा रचनेगणिक वेगळी द्यावी लागेल, आणि सरसकट ‘नाही’ जसे चूक तसे सरसकट ‘हो’ही.

राहिला तो आक्षेप, जो बुवा मोठ्याने बोलत नाहीत. बँड म्हणजे वरात, भडक डगले, रस्त्यावरचा नाच. तो देवळात नको. या आक्षेपाला मी जागा देणार नाही. मेरठच्या जली कोठी भागात घडलेली पितळी वाद्ये घेऊन जे लोक लग्नसराईत तासन्‌तास चालतात, तेच गणेशोत्सवात समर्थांची आरती वाजवतात, आणि गर्दी त्यांच्या सुरावर टाळ्या धरून शब्द म्हणते. त्या क्षणी त्यांना कुणी अपवित्र म्हणत नाही. मग सभामंडपात शांतपणे करुणाष्टक वाजवायला ते बसले की त्यांचे वाद्य अपवित्र कसे होते? ज्यांना आपण फक्त मोठ्याने वाजवायला बोलावतो, त्यांना हळू वाजवायची संधी आपण कधी दिलेलीच नाही. बँडमध्ये चाल क्लॅरिनेट आणि ट्रंपेटकडे असते. ट्रॉम्बोनवाला मागे उभा राहून भरणी करतो. त्याला एकट्याला पुढे बसवणे ही माझ्या लेखी या सगळ्या प्रस्तावातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

बुवा शेवटी अटी घालतात. “जांबेत वाजवायचं तर रामनवमीला दुपारी जन्माच्या वेळी नाही, ती वेळ पाळण्याची आणि गजराची. संध्याकाळच्या उपासनेनंतर वाजवा. आधी मी करुणाष्टक म्हणेन, मग तुम्ही एकटे वाजवा, पेटी नको, तबला नको. आणि तुमच्या वादकानं त्याआधी माझ्याकडे येऊन वाद्याशिवाय, नुसतं तोंडानं ते म्हणून दाखवायचं. यतीवर चुकला तर परत पाठवीन.” मास्तरांना सगळ्या अटी मान्य आहेत, एक सोडून. आधी म्हणून दाखवले तर लोक बुवांचा आवाज मनात धरून ऐकतील आणि ट्रॉम्बोन त्याची सावली होईल, अशी त्यांना भीती वाटते. ज्यांना शब्द पाठ आहेत त्यांच्यासमोर आधी म्हणायची गरज नाही, आणि जांबेत ते पाठ नसलेले किती असतील, असे ते विचारतात. बुवा म्हणतात, नव्या पिढीतले पुष्कळ. यावर मास्तर असे सुचवतात की बुवांनी नंतर म्हणावे. आधी वाद्याने वाट काढावी आणि मग शब्द यावेत, मोझार्टकडे येतात तसे. बुवांना हे पटायला वेळ लागेल. मला मात्र मास्तरांचाच क्रम योग्य वाटतो. वादकाला शब्द खरोखर येत होते की नाही, हे नंतर बुवा उभे राहून म्हणू लागले की पहिल्या ओळीतच कळेल, आणि तो हिशेब देवळात बसलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या कानाने करता येईल.